अँटिव्हायरस निर्दोष फाइल पकडतो तेव्हा

२१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीने आपल्या अँटिव्हायरसचे रोजच्यासारखे अपडेट सोडले. क्रमांक होता ५९५८. काही तासांतच कार्यालयाकार्यालयांतले विंडोज एक्सपीचे संगणक आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले, आणि सुरू झाले की परत बंद पडू लागले. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या काही रुग्णालयांनी गंभीर जखमी सोडून बाकीच्या रुग्णांना तातडीच्या विभागात घेणे थांबवले. या अपडेटने विंडोजचीच ‘एसव्हीसीहोस्ट’ ही फाइल वेकॉर्ल नावाचा व्हायरस समजून उचलली होती.

विंडोजच्या पडद्यामागे चालणाऱ्या कितीतरी सेवा या एका फाइलच्या आधाराने चालतात, नेटवर्कशी संबंधित सेवासुद्धा. त्यामुळे ती गेली की नेटवर्कही जाते. कंपनीने चूक लक्षात आल्यावर ५९५८ मागे घेतले आणि दुरुस्त अपडेट काढले, पण ज्यांना त्याची गरज होती त्यांच्यापर्यंत ते पोचणार कसे? तंत्रज्ञांना पेन ड्राइव्ह घेऊन एकेका टेबलापाशी जावे लागले. आपल्या चाचण्यांमध्ये एक्सपीचा तिसरा सर्व्हिस पॅक (म्हणजे सुधारणांची एकत्रित आवृत्ती) नीट तपासला गेला नव्हता, हे कंपनीने नंतर मान्य केले.

ही एकट्या मॅकॅफीची गोष्ट नाही. २००७ मध्ये सिमँटेकच्या नॉर्टनने चिनी भाषेतल्या विंडोजच्या दोन फाइली अशाच उचलल्या. सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसच्या अँटिव्हायरसने स्वतःचाच अपडेट करणारा भाग व्हायरस ठरवला. सप्टेंबर २०२२ मध्ये विंडोजसोबतच येणारा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर हा अँटिव्हायरस क्रोम, डिस्कॉर्ड यांसारखे रोजच्या वापरातले प्रोग्रॅम उघडले की धोक्याची सूचना देत होता. यातली एकही कंपनी नवशिकी नव्हती. मग असे पुन्हापुन्हा का घडते?

अँटिव्हायरस दोन तऱ्हांनी ओळख पटवतो. सापडलेल्या व्हायरसच्या कोडमधला ठरावीक तुकडा जसाच्या तसा जुळवणे ही जुनी तऱ्हा. दुसरीत फाइलची ठेवण आणि वागणूक पाहून अंदाज बांधला जातो. ती स्वतःला आवळून, दाबून बांधलेली आहे का? दुसऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत लिहिते का? तिच्यावर कुणाची डिजिटल सही, म्हणजे ती कुणी बनवली याची खूण, आहे का? याआधी किती संगणकांवर ती दिसली आहे? रोज नवनवे व्हायरस येत असताना दुसऱ्या तऱ्हेला पर्याय नाही. पण अंदाज म्हटला की चूक आलीच.

मराठी टायपिंगचेच घ्या. इंग्रजी कीबोर्डवर दाबलेली कळ मधल्यामध्ये पकडून तिच्या जागी देवनागरी अक्षर उमटवणारी छोटी साधने आपल्याकडे डीटीपीवाले, वकिलांचे टायपिस्ट, शाळांमधले कारकून वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. पासवर्ड चोरणारा कीलॉगरही विंडोजकडे नेमकी हीच सोय मागतो: प्रत्येक कळ आधी मला कळव. एक अक्षर बदलतो, दुसरा चोरतो, पण दोघांची मागणी बाहेरून एकच दिसते. त्यातून ते साधन एखाद्या हौशी माणसाने ऑटोहॉटकीसारख्या छोट्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेले, बिनसहीचे आणि थोड्याच लोकांकडे असलेले असेल तर संशयाची सगळी लक्षणे एकत्र येतात. मला याचे वाईट वाटते, कारण छोट्या भाषांसाठी अशी साधने सहसा एकटीदुकटी माणसेच बनवतात. सहीसाठी लागणारे प्रमाणपत्र दरवर्षी विकत घेणे त्यांना परवडत नाही.

याला गणिताचीही बाजू आहे. समजा एका मोठ्या कार्यालयात १० लाख फाइली आहेत, त्यात खरोखर वाईट फक्त १०, आणि अँटिव्हायरस चांगल्या फाइलीबाबत १०,००० मध्ये एकदाच चुकतो. तो दहाच्या दहा वाईट फाइली पकडेल, पण सोबत जवळपास १०० निर्दोषही पकडेल. म्हणजे ११० सूचनांपैकी १०० खोट्या! हेच प्रमाण अनोळखी ईमेलला जोडून आलेल्या फाइलींच्या ढिगात अगदी उलटे होऊ शकते, कारण तिथे मुळात वाईट फाइलीच जास्त. म्हणून सूचना आली की पहिला प्रश्न ‘ही फाइल आली कुठून?’ हा असतो.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. लक्षण बहुधा असे असते: कालपर्यंत चालणारा प्रोग्रॅम आज उघडत नाही, किंवा अमुक डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी सहायक फाइल) सापडत नाही असा संदेश येतो. माणूस प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करतो, तो मिनिटभर चालतो, पुन्हा तेच. अशा वेळी अँटिव्हायरसची नोंद उघडा. डिफेंडरमध्ये ती विंडोज सिक्युरिटीतल्या ‘प्रोटेक्शन हिस्ट्री’ खाली असते. त्याच वेळेची नोंद तिथे असेल तर कोणती फाइल, कोणत्या फोल्डरमधून, कोणत्या नावाखाली उचलली हे कळते. ते नाव नीट वाचा. नावाच्या शेवटी ‘एमएल’ असेल तर तो मशीन लर्निंगचा कौल आहे. ‘जेन’ किंवा ‘ह्यूर’ असेल तर तोही ढोबळ अंदाजच. व्हायरसच्या विशिष्ट घराण्याचे नाव असेल तर संशय अधिक गंभीरपणे घ्यावा, पण वेकॉर्ल हेही विशिष्ट नावच होते.

मग फाइल मूळची तीच आहे का ते तपासा. विंडोजला लिहून आज्ञा देण्याच्या पॉवरशेल या खिडकीतली ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा फाइलचा एसएचए-२५६ हॅश देते, म्हणजे ६४ अक्षर-अंकांचा ठसा. फाइलमधला एक बिट बदलला तरी तो पार बदलतो. बनवणाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर हॅश दिला असेल तर दोन्ही जुळवा. डिजिटल सही फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसते. व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तोच हॅश शोधला की ७० च्या आसपास अँटिव्हायरसांची मते एकदम मिळतात. तिथे फाइलच चढवू नका, विशेषतः अशिलांचे किंवा रुग्णांचे तपशील असलेली. ती इतरांना उतरवून घेता येते.

सगळे ठीक निघाले तरी एक प्रकरण ध्यानात ठेवायला हवे. मार्च २०२३ मध्ये थ्रीसीएक्स या कार्यालयीन फोनच्या प्रोग्रॅमवर सेंटिनलवन या सुरक्षा प्रणालीने बोट ठेवले. प्रोग्रॅम कंपनीच्या अधिकृत अपडेटमधून आलेला, वर कंपनीचीच सही. खोटीच सूचना असणार असे अनेकांना वाटले, आणि त्यावर चर्चा होत दिवस गेले. २९ मार्चला क्राउडस्ट्राइक या दुसऱ्या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की प्रोग्रॅममध्ये खरोखरच घुसखोरी झाली आहे. हल्लेखोर कंपनीच्या आत शिरून प्रोग्रॅम तयार होतानाच त्यात कोड मिसळून गेले होते. हॅश आणि सही दोन्ही तपासून काही हाती लागले नसते. चुगली केली ती वागणुकीने. म्हणून नवे अपडेट आल्यावर जुना, ओळखीचा प्रोग्रॅम वागणुकीवरून पकडला गेला तर तो परत आणण्याची घाई नको. बनवणाऱ्या कंपनीला विचारा, एक-दोन दिवस थांबा. आणि ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटिव्हायरस बंद करा’ असे सांगणारी क्रॅक केलेली प्रत असेल तर तिला या तपासणीचाही लाभ देऊ नका, सरळ काढून टाका.

खात्री पटल्यावर फाइल क्वारंटाइनमधून, म्हणजे अँटिव्हायरसने पकडलेल्या फाइली बाजूला कोंडून ठेवतो तिथून, परत आणा आणि सूट द्या ती फक्त त्या एका फाइलला. पूर्ण ड्राइव्ह किंवा ‘डाउनलोड्स’ फोल्डर सवलतीत टाकणे म्हणजे व्हायरसला राखीव जागा देणे. सोबत अँटिव्हायरस कंपनीकडे ती फाइल खोटी सूचना म्हणून पाठवा. बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर त्यासाठी अर्ज असतो, आणि तुमच्या एका अर्जाने तोच प्रोग्रॅम वापरणाऱ्या इतरांचीही अडचण सुटते. त्यानंतर व्हायरस डेफिनिशन (अँटिव्हायरसची व्हायरस ओळखण्याची यादी) अपडेट झाल्या की दिलेली सूट काढून फाइल पुन्हा स्कॅन करा. आता ती पकडली गेली नाही, तर त्या सवलतीची गरज उरलेली नाही.