चुंबकाविना मोटर, सेकंदाला २०,००० अंदाज

सिंक्रोनस रिलक्टन्स मोटरचा रोटर, म्हणजे फिरणारा भाग, उघडून पाहिला तर आत पाहण्यासारखं फारसं काही नसतं. तांब्याचं वाइंडिंग नाही, ॲल्युमिनियमचा पिंजरा नाही आणि चुंबकही नाहीत. एकावर एक रचलेले स्टीलचे पातळ पत्रे आणि त्यांत कापलेल्या कमानदार खाचा, बस्स! चुंबकीय प्रवाहाला पत्र्यातून वाट सोपी, खाचेतल्या हवेतून बिकट. स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचं, फिरतं चुंबकीय क्षेत्र पुढे सरकलं की रोटर आपली सोपी वाट त्याच्या रेषेत आणायला वळतो. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मिळतो तो एवढ्यावरच.

कल्पना जुनी आहे. कोस्त्को यांनी असा रोटर १९२३ मध्येच मांडला होता. पण ही मोटर थेट लाइनवर सुरू होत नाही, तिला इन्व्हर्टर, म्हणजे वीज हव्या त्या वारंवारतेची करून देणारं उपकरण, लागतो. तो आवाक्यात येईपर्यंत ती मागेच राहिली. २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, त्याची झळ आपल्याकडच्या इलेक्ट्रिक वाहन उद्योगालाही बसली, आणि बिनचुंबकी मोटरची चर्चा पुन्हा रंगली.

चुंबकांचा खर्च वाचला, पण काम इन्व्हर्टर चालवणाऱ्या नियंत्रकावर आलं. इथे ‘प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’, म्हणजे अंदाज बांधून नियंत्रण, येतं. साध्या इन्व्हर्टरला तीन पाय. प्रत्येक पायात वरचा स्विच चालू किंवा खालचा. म्हणजे आठ जोडण्या. त्यांतल्या दोन जोडण्यांचा परिणाम सारखाच, शून्य व्होल्टेज. म्हणून खरे पर्याय सात. नियंत्रक दर ५० मायक्रोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला २०,००० वेळा, सातही पर्याय कागदावर लावून बघतो: हा दिला तर करंट कुठे जाईल? हव्या त्या करंटच्या सर्वांत जवळ नेणारा पर्याय प्रत्यक्षात देतो. गणित होईपर्यंत मोजलेला करंट शिळा झालेला असतो, त्यामुळे आधी ‘गणित संपेल तेव्हा तो कुठे असेल’ याचाही अंदाज बांधावा लागतो.

अंदाज मात्र इंडक्टन्सच्या, म्हणजे करंटच्या बदलाला मोटर किती अडवते त्याच्या, आकड्यावर उभा असतो. समजा तो ०.१ हेन्री धरला आणि निव्वळ २०० व्होल्ट मिळाले, तर ५० मायक्रोसेकंदांत करंट ०.१ अँपिअरने वाढेल. आता भार वाढला, पत्र्यातलं लोखंड संपृक्त झालं (आणखी चुंबकीय प्रवाह सहज घेईना) आणि इंडक्टन्स निम्म्यावर आला, तर तीच वाढ ०.२ अँपिअर होते. नियंत्रक जुन्याच आकड्यावर विसंबून चुकीचा पर्याय निवडतो. करंटमध्ये लहरी उठतात, मोटर कुरकुरते. या मोटरमध्ये हा आकडा करंटबरोबर बराच बदलतो, म्हणून दुखणं इथे जास्त.

तैवानमधल्या संशोधकांनी काढलेली युक्ती मला फार आवडते: मोटरचं गणिती मॉडेलच बाजूला ठेवायचं. मागच्या वेळी हा पर्याय दिला तेव्हा करंट किती बदलला, एवढंच टिपून ठेवायचं आणि या खेपेलाही तेवढाच बदलेल असं धरायचं. किराणा दुकानदार गिऱ्हाइकाची मागची उधारी बघून ठरवतो, तसंच. ना इंडक्टन्स लागतो, ना रोध.

गोम एकच. एखादा पर्याय बराच वेळ निवडलाच गेला नाही तर त्याची नोंद जुनी होते, आणि जुनी नोंद वाईट दिसत असेल तर तो पर्याय पुढेही निवडला जात नाही. त्यावर एक उपाय म्हणजे ठरावीक काळाने तो मुद्दाम वापरून नोंद ताजी करायची. पण त्या क्षणी करंट थोडा भरकटतो. दुसरा अधिक चलाख. सातही पर्यायांतून मिळणाऱ्या व्होल्टेजांचं आपसातलं भौमितिक नातं ठरलेलं असतं, त्यामुळे ताज्या तीन नोंदी हाताशी असल्या तर उरलेल्या चार त्यांवरून काढता येतात.