सिग्नलवर सांडणारं दोन चमचे पेट्रोल

गेल्या दिवाळीत काका-काकूंबरोबर इंदूरहून महेश्वरला गेलो. गाडी त्यांच्या जावयाची, इलेक्ट्रिक. मानपूरच्या पुढे घाट उतरायला लागलो तशी काकूंनी समोरच्या पडद्यावर बोट ठेवलं. "अरे, ही बॅटरी भरतेय की!" आकडा ६८ टक्के होता, घाट संपेपर्यंत ७० झाला.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, महेश्वर दीडशेच्या आसपास. माणसांसकट १७०० किलोची गाडी ४०० मीटर खाली आली की जवळजवळ दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. पेट्रोलच्या गाडीत यातली बरीचशी ब्रेक तापवण्यात जाते. इलेक्ट्रिक गाडीत उतारावर मोटरच जनित्र होते, चाकं तिला फिरवतात आणि हवेचा न् रस्त्याचा अडथळा वजा जाऊन उरलेल्यातला मोठा हिस्सा बॅटरीत परत येतो. बॅटरी आधीच शंभर टक्के भरलेली असेल तर मात्र त्या ऊर्जेला जागाच नसते.

घाट वर्षातून एकदा. इंदूरमधला पलासियाचा सिग्नल रोजचा, आणि खरा हिशेब तिथेच आहे. ताशी ३६ किलोमीटरने चाललेली दीड टनाची गाडी थांबवली की ७५ किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जिरते. पुन्हा तोच वेग घ्यायचा तर तेवढीच ऊर्जा नव्याने लागते. शहरात पेट्रोलचं इंजिन इंधनातली फार तर पाचवा हिस्सा ऊर्जा चाकांपर्यंत पोचवतं, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे प्रत्येक थांब्याला साधारण १२ मिलिलिटर पेट्रोल, चहाचे दोन चमचे भरून. लोकमान्य नगरहून पलासियाला जाऊन येताना किती वेळा थांबता, ते एकदा मोजून बघा. इलेक्ट्रिक मोटर ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असते, शिवाय थांबताना निम्म्याहून जास्त ऊर्जा परत मिळवते. इंदूरच्या गर्दीत तिचं पारडं जड होतं ते यामुळे.

पुण्याला नातेवाईकांकडे निघालात की गणित बदलतं. हायवेवर ब्रेक क्वचित लागतो, इंजिन आपल्या सर्वांत चांगल्या लयीत चालतं आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. एक किलो पेट्रोलमध्ये बारा युनिटांहून जास्त ऊर्जा असते, एक किलो बॅटरीत जेमतेम पाव युनिट. टाकी तीन मिनिटांत भरते. चार्जरपाशी अर्धा-पाऊण तास जातो, आणि आधी कुणी उभं असेल तर त्याहून जास्त. ही अडचण खरी आहे. तिला कुणी हसून उडवून लावलं की मला राग येतो.

राहिला धुराचा प्रश्न. नर्मदेवर इंदिरासागर आणि ओंकारेश्वर हे जलविद्युत प्रकल्प आहेत, रीव्याला ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे. तरी आपल्या मध्य प्रदेशातल्या विजेचा मोठा भार खंडवा जिल्ह्यातल्या सिंगाजीसारख्या कोळशाच्या केंद्रांवरच आहे. भारतात एका युनिटमागे सरासरी ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला तर इलेक्ट्रिक गाडीचे १०० किलोमीटर सुमारे ११ किलोला पडतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीचे १५ किलोला, आणि तेल शुद्ध करण्याचा व वाहून आणण्याचा धूर वेगळा. फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. त्यात बॅटरी बनवतानाच दोन-चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो फेडायला गाडी हजारो किलोमीटर पळावी लागते. दारात उभी राहणारी इलेक्ट्रिक गाडी हवेवर कसलाच उपकार करत नाही. जमेल त्यांनी दुपारी, सौर वीज भरपूर असताना चार्ज करावी, म्हणजे ही फेड लवकर होईल.

महेश्वरहून परतल्यावर काकांनी रोजचे किलोमीटर कॅलेंडरवर लिहायला सुरुवात केली. महिन्याची बेरीज ६४० आली, सगळे शहरातले. पेट्रोल लिटरला १०६ रुपये धरलं तर साडेचार हजारांचं. तेच अंतर विजेवर, चार्जिंगमधली गळती धरून, शंभर युनिटांचं. युनिटला आठ रुपये म्हटलं तरी आठशे. महिन्याला ३,७०० वाचले आणि दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असला, तर तो भरून निघायला पावणेसात वर्षं. बॅटरीची हमी बहुतेक कंपन्या ८ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची देतात. तोवर ती टिकावी, पण आपल्या मे महिन्याच्या ४२ अंशांत गाडी दिवसभर उन्हात ठेवली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. सावलीची जागा हवीच.

काकांची अडचण तीच आहे. रोजच्या वापराला १५ अँपिअरचा साधा पॉवर प्लगही दीड-दोन तासांत पुरतो. पण ते तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि गाडी खाली उघड्यावर उभी असते. जुनी पेट्रोल गाडी त्यांनी अजून विकलेली नाही. पार्किंगमध्ये पत्र्याची शेड आणि वेगळं मीटर मिळावं, म्हणून सोसायटीकडे अर्ज मात्र दिला आहे.