गृहसुरक्षा कॅमेऱ्यांचे संगणकावरून नियंत्रण : मुक्तस्रोत प्रणाली

घराचे दार, अंगण, जिना किंवा गच्ची यांवर रोखलेल्या कॅमेऱ्यांचे चित्र घरातल्याच डेस्कटॉप संगणकावर पाहणे, ते साठवणे, त्यातील हालचाल ओळखून इशारा मिळवणे आणि फिरता कॅमेरा असल्यास त्याला हवे तिकडे वळवणे, ही सर्व कामे सोर्स कोड सर्वांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरने करण्याची पद्धत. कॅमेऱ्याबरोबर येणारे मोबाइल ॲपही यातील बहुतेक कामे करते. फरक चित्रणाच्या ताब्याचा आहे. ॲपच्या व्यवस्थेत चित्रण बहुधा उत्पादकाच्या सर्व्हरवरून जाते आणि पुष्कळदा तेथेच साठते. मुक्तस्रोत व्यवस्थेत ते घरच्या हार्ड डिस्कवर राहते, आणि ते कोणी पाहावे, किती दिवस ठेवावे, केव्हा पुसावे हे घरमालक ठरवतो. हा फरक किती मोलाचा आहे, याचे एक उदाहरण नोंदवण्यासारखे आहे. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने ‘रिंग’ या गृहकॅमेऱ्यांच्या कंपनीवर असा आरोप ठेवला, की तिने आपले कर्मचारी आणि कंत्राटदार यांना ग्राहकांच्या खासगी चित्रफिती पाहता येतील अशी मोकळीक ठेवली होती. ते प्रकरण ५८ लाख डॉलरांच्या तडजोडीने मिटले.

घरात बसून दारावरचा कॅमेरा चालवण्याची कल्पना संगणकाच्या आधीची आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पती अल्बर्ट यांच्यासह १९६६ मध्ये अशा व्यवस्थेच्या एकस्वासाठी (पेटंटसाठी) अर्ज केला आणि डिसेंबर १९६९ मध्ये ते मंजूर झाले. दारात वेगवेगळ्या उंचीवर चार छिद्रे, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आत चित्र दाखवणारा पडदा, बाहेरच्याशी बोलण्याची सोय आणि बसल्या जागेवरून दाराची कडी काढणारी कळ अशी ती रचना होती. पुढे घरोघरी समाक्ष (कोॲक्सिअल) केबलवर चालणारे ॲनालॉग कॅमेरे आले. त्यांचे चित्र संगणकात आणण्यासाठी बीटी८७८ सारख्या चिपवर आधारलेले कॅप्चर कार्ड लावावे लागे. ॲक्सिस या स्वीडिश कंपनीने १९९६ मध्ये नेटवर्कला थेट जोडता येणारा कॅमेरा बाजारात आणला आणि कार्डाची गरज हळूहळू संपली. ज्यांच्याकडे आजही जुने ॲनालॉग कॅमेरे आहेत, त्यांनी ते मोडीत काढण्याची घाई करू नये, कारण त्यांना जोडलेला डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा खोका, बहुधा प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र नेटवर्कवर देऊ शकतो आणि मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला तेवढे पुरते.

निरनिराळ्या उत्पादकांचे कॅमेरे एकाच सॉफ्टवेअरला जोडता येतात ते दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे आरटीएसपी हा संकेत, म्हणजे उपकरणांनी एकमेकांशी बोलण्याची ठरलेली रीत. तो १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कॅमेऱ्याकडून चालू चित्रप्रवाह मागवण्यासाठी वापरला जातो. त्याचा ठरलेला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवर त्या सेवेसाठी असलेले क्रमांकित दार, ५५४ आहे. दुसरी म्हणजे ॲक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केलेले ऑनव्हिफ हे मानक. नेटवर्कवरचा कॅमेरा शोधणे, तो कोणकोणते प्रवाह देतो हे विचारणे आणि तो फिरवण्याच्या आज्ञा देणे या कामांची समान भाषा त्याने घालून दिली. विकत घेताना खोक्यावर ही दोन नावे आहेत की नाहीत, हे मेगापिक्सेलच्या आकड्याआधी पाहिले पाहिजे. केवळ स्वतःच्या ॲपशीच बोलणारा कॅमेरा कितीही स्वस्त असला, तरी या कामाला जवळजवळ निरुपयोगी ठरतो. कॅमेरा आरटीएसपी देतो का, हे तपासण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे व्हीएलसी या मुक्तस्रोत प्लेअरमध्ये त्याचा पत्ता उघडून पाहणे. तेथे चित्र दिसले, की पुढचे काम निश्चिंतपणे हाती घेता येते.

या क्षेत्रातील जुन्या आणि अजूनही वापरात असलेल्या प्रणालींपैकी झोनमाइंडर ही महत्त्वाची आहे. तिचे मूळ लेखक फिलिप कूम्ब्स यांनी तिच्या जन्माची हकीकत प्रणालीच्या माहितीपत्रकातच सांगितली आहे : त्यांचे गॅरेज फोडून चोरांनी सगळी विजेवर चालणारी हत्यारे नेली, आणि दारावर एक कॅमेरा असता तर हे कोणी व केव्हा केले ते तरी कळले असते, असे वाटून त्यांनी ती लिहायला घेतली. लिनक्सवर चालणाऱ्या या प्रणालीत कॅमेऱ्याकडून चित्र घेणारा व तपासणारा भाग सी++ मध्ये, देखरेखीचे कार्यक्रम पर्लमध्ये आणि ब्राउझरमध्ये दिसणारी पाने पीएचपीमध्ये लिहिलेली आहेत; घटनांची नोंद मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी या डेटाबेसमध्ये होते. प्रत्येक कॅमेऱ्याला येथे ‘मॉनिटर’ म्हणतात. नवख्याची पहिली अडचण बहुधा स्मृतीची असते. १९२० × १०८० पिक्सेलची एक फ्रेम, म्हणजे चित्रणातले एक स्थिर चित्र, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट धरल्यास, उलगडल्यावर सुमारे ८३ लाख बाइटांची होते. अशा ४० फ्रेम हाताशी राखून ठेवायच्या म्हटल्या, तर एका कॅमेऱ्याला ३३० मेगाबाइटांहून अधिक आणि चार कॅमेऱ्यांना सव्वा गिगाबाइटांहून अधिक जागा लागते. ही जागा लिनक्सच्या सामायिक स्मृतीतून घेतली जाते, आणि त्या स्मृतीची मर्यादा सामान्यतः एकूण रॅमच्या निम्मी असते. कॅमेरा ठीक असूनही पडदा काळा राहिला, तर कारण पुष्कळदा येथे सापडते.

खरे कौशल्य मात्र हालचाल ओळखवण्यात आहे, आणि या नोंदीत त्यालाच अधिक जागा द्यायला हवी. मूळ युक्ती साधी आहे : आताची फ्रेम आधीच्या फ्रेमांवरून तयार केलेल्या संदर्भचित्राशी ताडून पाहायची आणि किती पिक्सेल ठरावीक प्रमाणाहून अधिक बदलले ते मोजायचे. संगणकाला माणूस दिसत नाही, उजेडातला बदल दिसतो. त्यामुळे वाऱ्याने हललेली नारळाची झावळी, पावसाची सर, तुळशीवृंदावनावर सरकत जाणारी सावली, हे सारे त्याच्या लेखी पाहुणेच असतात. रात्री कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की किडे त्यांच्याकडे झेपावतात, किड्यांमागे पाल येते, कोळी काचेसमोर जाळे विणतो, आणि काचेपासून बोटभर अंतरावरचा तो धागा उजेडात पांढराशुभ्र होऊन अर्धा पडदा व्यापतो. सकाळी उठून पाहावे तर शेकडो घटना नोंदलेल्या असतात आणि त्यांत एकही माणूस नसतो. असे दोन-चार दिवस झाले की घरातले लोक इशाऱ्यांकडे पाहणेच सोडून देतात. ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी हार होय.

झोनमाइंडरचे नाव ज्यावरून पडले ते ‘झोन’ म्हणजे याच अडचणीवरचा उपाय. चित्रावर माउसने बहुभुज आखून प्रत्येक भागाला वेगळी वागणूक देता येते. फाटकापासून पायरीपर्यंतचा पट्टा ‘सक्रिय’ ठेवावा, म्हणजे तेथील हालचाल एकटीच इशाऱ्याला पुरेशी ठरते. झाडाचा शेंडा आणि रस्त्याचा तुकडा ‘निष्क्रिय’ करावा. ‘समावेशक’ झोन स्वतःहून इशारा देत नाही, पण सक्रिय झोनमध्ये काही घडले तर त्याची हालचालही जमेस धरली जाते. सर्वांत कल्पक प्रकार प्रतिबंधक झोनचा आहे : तो जागा झाला, की संपूर्ण इशाराच रद्द होतो. रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीच्या दिव्यांचा झोत अंगणासह समोरच्या भिंतीवरही पडतो, पण चालत येणारा माणूस त्या भिंतीच्या वरच्या भागाला कधीच पोहोचत नाही. म्हणून भिंतीचा तेवढा तुकडा प्रतिबंधक म्हणून आखला, तर दिव्याचा झोत स्वतःच स्वतःचा इशारा रद्द करतो. यानंतर किमान व कमाल पिक्सेलसंख्या ठरवायची. त्यासाठी घरातल्या एखाद्याला दिवसा आणि रात्री असे दोनदा फाटकापासून दारापर्यंत चालायला लावून प्रत्येक वेळी किती पिक्सेल बदलले ते पाहावे. तासाभराचा हा खटाटोप पुढचे अनेक महिने उपयोगी पडतो. ऋतू बदलला, की तो पुन्हा करावा लागतो, कारण जूनमधले अंगण आणि जानेवारीतले अंगण कॅमेऱ्याच्या लेखी निरनिराळे असते.

मोशन ही मुळात सी भाषेत लिहिलेली प्रणाली हेच काम फार कमी साधनांत करते, आणि तिच्यावर बेतलेल्या मोशनआय या ब्राउझर-आधारित आवरणामुळे ती जुन्या संगणकावर किंवा रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर बसवणे सोपे झाले आहे. फ्रिगेट ही ब्लेक ब्लॅकशिअर यांनी सुरू केलेली प्रणाली पुढचे पाऊल टाकते. ती आधी पिक्सेलांतील बदल पाहते आणि जेथे बदल दिसला तेवढाच तुकडा वस्तू ओळखणाऱ्या न्यूरल जाळ्याकडे, म्हणजे पुष्कळ चित्रे दाखवून शिकवलेल्या प्रणालीकडे, पाठवते. त्यासाठी गुगल कोरल हा लहानसा प्रवेगक (ही गणना वेगाने करणारे उपकरण) किंवा इंटेलच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्स भाग वापरता येतो. कॅमेऱ्याचा कमी पिक्सेलांचा दुय्यम प्रवाह सेकंदाला सुमारे ५ फ्रेम या गतीने तपासायचा आणि मुख्य प्रवाह जसाच्या तसा साठवायचा, ही तिची रीत संगणकावरचा भार मोठ्या प्रमाणात उतरवते. झावळीचा प्रश्न यामुळे बहुतांशी सुटतो. मात्र अशा जाळ्यांचे शिक्षण बहुधा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोको या चित्रसंग्रहावर झालेले असते. त्याच्या ८० प्रकारांत माणूस, गाय, कुत्रा, मोटारसायकल आणि जिराफही आहेत; पण माकड नाही, बिबट्या नाही आणि रिक्षाही नाही. कोकणातल्या ज्या घराला चोरापेक्षा वानरांच्या टोळीचा उपद्रव अधिक आहे, त्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

फिरत्या कॅमेऱ्याला आडवे-उभे वळवण्याच्या आणि झूमच्या आज्ञा ऑनव्हिफमधून जातात. ब्राउझरमधील बाण दाबला की ‘सतत फिर’ आणि सोडला की ‘थांब’ अशा दोन आज्ञा सुटतात. नेहमीच्या कोनांना क्रमांक देऊन ठेवले, तर एका क्लिकवर कॅमेरा तेथे जातो. कॅमेरा वळताना सगळेच चित्र बदलते, म्हणून तेवढ्या वेळापुरती हालचालीची तपासणी थांबवावी लागते. घरगुती वापरात एका फिरत्या कॅमेऱ्यापेक्षा दोन स्थिर कॅमेरे अधिक भरवशाचे ठरतात, कारण फिरता कॅमेरा नेमका त्या क्षणी दुसरीकडे पाहत असण्याची शक्यता नेहमी असते.

साठवणुकीचा हिशेब आधीच करावा. सेकंदाला २ मेगाबिट या दराचा प्रवाह दिवसाला २१.६ गिगाबाइट जागा घेतो. असे चार कॅमेरे अखंड चालले, तर एक टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. त्यामुळे सर्वांत जुने चित्रण आपोआप पुसणारा नियम सुरू असणे आवश्यक आहे. वीज गेल्यावर संगणक, राउटर आणि कॅमेऱ्यांना वीज देणारा नेटवर्क स्विच हे तिन्ही इन्व्हर्टरवर असले पाहिजेत. केवळ कॅमेरे चालू राहून उपयोग नसतो, आणि डेटाबेसमध्ये लेखन चालू असताना संगणक अचानक बंद पडला, तर नोंदी खराब होण्याचा धोका असतो.

ताबा घरात आला, की जबाबदारीही घरात येते. २०१६ मध्ये मिराई या दुष्ट प्रणालीने कारखान्यातून आलेली सुमारे ६० नावे-पासवर्डांची यादी वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या बळावर डाइन या कंपनीच्या नामसेवेवर, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर, हल्ला होऊन अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. त्यामुळे पासवर्ड बदलणे, कॅमेऱ्यांना राउटरवरून इंटरनेटकडे जाऊ न देणे, आणि बाहेरून पाहण्यासाठी पोर्ट उघडण्याऐवजी वायरगार्डसारखा मुक्तस्रोत व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित, खासगी वाट) वापरणे ही किमान पथ्ये होत. इंटरनेट तोडल्यावर कॅमेऱ्याचे घड्याळ हळूहळू भरकटते. त्यासाठी डेस्कटॉपवरच वेळ पुरवणारी सेवा चालू करून कॅमेऱ्यांना तिचा पत्ता द्यावा.

घड्याळाची ही बाब क्षुल्लक नाही, कारण चित्रण पुढे पुरावा ठरू शकते. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात निर्वाचन अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा प्रश्न होता. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारे तिचे गणिती ओळखचिन्ह, द्यावे लागते. डेस्कटॉपवर साठवलेल्या फाइलचे हे मूल्य लिनक्समध्ये एका आज्ञेने मिळते. घटना लक्षात येताच ती फाइल आपोआप पुसली जाणार नाही अशा जागी ठेवून, तिचे मूल्य लगेच लिहून ठेवावे.

शेजाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये चेक प्रजासत्ताकातील रिनेश प्रकरणात सांगितले, की घरावरचा कॅमेरा सार्वजनिक रस्ता टिपत असेल, तर ते चित्रण निव्वळ घरगुती व्यवहार मानता येत नाही. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती वापराला सूट दिली आहे. तरीही दाराला दार असलेल्या सोसायटीत किंवा चाळीच्या सामायिक गॅलरीत समोरच्यांचा उंबरठा चोवीस तास टिपत राहणे योग्य नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग काळा करण्याची सोय असते. झोन निष्क्रिय केला, तर तेथील हालचालीचा इशारा थांबतो, पण चित्रण होतच राहते. म्हणून शेजाऱ्याची खिडकी झाकायची ती कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये, म्हणजे तिचे चित्र संगणकापर्यंत येतच नाही.