बारीक राहायचं, तर आधी जाड व्हा

जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेहून परतलेल्या भाच्याच्या खिशातून हिरवा लेझर निघाला. होम मैदानावरून तो दरवर्षी काही ना काही घेऊन येतोच; लेझीमच्या गावात आता लेझर, एवढंच. दोन दिवस घरातल्या भिंती रंगवून झाल्यावर त्यानं गच्चीवरून साठेक मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरला आणि तक्रार घेऊन आला. "मामा, इथं बारीक दिसतोय, तिकडं पार पसरतोय की ओ."

मी कपाटातली जुनी ८×४० दुर्बीण काढली, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४० मिलिमीटर भिंगाची. तिची एक नळी झाकली, दुसरीच्या डोळा लावायच्या भिंगासमोर लेझर घट्ट बांधला, म्हणजे प्रकाश मोठ्या भिंगातून बाहेर पडावा. दुर्बीण उलटी वापरायची, एवढीच युक्ती. यालाच प्रयोगशाळेत बीम एक्सपांडर, म्हणजे झोत रुंद करणारं साधन, म्हणतात आणि त्याचे बरेच पैसे मोजावे लागतात. झोत जिन्याच्या भिंतीवर टाकला, अंतर चार मीटर. ठिपका आधीपेक्षा मोठाच झाला. "हे तर उलटंच झालं की ओ!"

उलटं झालं नव्हतं, आम्ही फार जवळ उभे होतो.

लेझरचा झोत सरळ रेषेत जातो, असं आपण शाळेत शिकतो, पण तो अगदी समांतर कधीच नसतो. प्रकाश ही लाट आहे. पाण्याची लाट अरुंद फटीतून सुटली की पलीकडे पंख्यासारखी पसरते, रुंद दारातून गेली तर बरीचशी सरळ जाते. प्रकाशाचंही तेच. हिरव्या लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. त्याचा झोत सुटतानाच फक्त १ मिलिमीटर जाड असेल, तर दर मीटरमागे तो किमान ०.७ मिलिमीटर पसरणार. हा निसर्गाचा हिशोब आहे, कितीही महागडा लेझर आणा. स्वस्तातला साधारण १ मिलिमीटर पसरतो असं धरू.

म्हणजे जाडी आणि पसरण यांचा गुणाकार एका मर्यादेखाली आणता येत नाही. पण अदलाबदल करता येते. दुर्बिणीनं झोत आठपट जाड केला की पसरण आठपट कमी होते. आता जमाखर्च मांडा. चार मीटरवर नुसता लेझर १ अधिक ४, म्हणजे ५ मिलिमीटरचा ठिपका देतो. दुर्बिणीतून ८ अधिक अर्धा, साडेआठ. आठ मीटरवर दोघांची बरोबरी. टाकीवर मात्र नुसता लेझर ६१ मिलिमीटर, आणि दुर्बिणीतून साडेपंधरा. अशा लेझरसाठी एक गमतीचा नियमच निघतो: जितकी पट, तितके मीटर. दहापट एक्सपांडर असेल तर दहा मीटरच्या आत त्याचा उपयोग शून्य, उलट तोटाच. दुर्बिणीचं चाक नीट फिरवून ठिपका लहानात लहान करावा लागतो, हे मात्र विसरू नका. निम्मी निराशा तिथंच असते.

तयार एक्सपांडर दोन तऱ्हेचे. गॅलिलिओच्या १६०९ च्या दुर्बिणीसारखी एक अंतर्वक्र आणि एक बहिर्वक्र भिंगाची जोडी, नाहीतर केप्लरनं १६११ मध्ये मांडलेली दोन बहिर्वक्र भिंगांची. उणे २० आणि २०० मिलिमीटर नाभीय अंतराची भिंगं १८० मिलिमीटरवर ठेवली की दहापट झालं. केप्लरची नळी लांब होते आणि मध्ये प्रकाश एका बिंदूत गोळा होतो. ताकदवान स्पंद-लेझरमध्ये (सलग न सोडता झटक्याझटक्यानं प्रकाश सोडणाऱ्या) त्या बिंदूवर हवेतच ठिणगी पडू शकते, म्हणून तिथं गॅलिलिओची पद्धत बरी. यात्रेत मिळणारी मुलांची प्लास्टिकची दुर्बीणही बहुतेक त्याच पद्धतीची असते.

आता खरी काळजीची गोष्ट. झोत जाड झाला म्हणजे तो सौम्य झाला, असं वाटतं. रात्री माणसाची बाहुली ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. शंभर मीटरवर नुसत्या लेझरचा ठिपका १०१ मिलिमीटर, त्यातला जेमतेम अर्धा टक्का प्रकाश बाहुलीतून आत जाईल. दुर्बिणीतून आलेला ठिपका साडेवीस मिलिमीटर, त्यातला सुमारे १२ टक्के जाईल. चोवीसपट! एक्सपांडर धोका कमी करत नाही, तो लांबवर पोहोचवतो. त्यात लेबलावर भरवसा नाही: अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले, तेव्हा हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के नियमांत बसत नव्हते. मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्याच्या पडद्याला इजा झाल्याच्या बातम्या आपल्या राज्यातही येऊन गेल्यात. होटगी रस्त्यावर विमानतळ आहे, तेव्हा आमच्या गच्चीवर आकाशाकडे नेम धरायला बंदी. मे महिन्यात तर लांबवर नेम धरायला एक्सपांडरचा फार उपयोगही झाला नसता. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत गरम हवा सोडत राहतं, आणि लांबचा ठिपका थरथरतो, तुकड्यातुकड्यांत फुटतो. आतापर्यंतची सगळी आकडेमोड शांत हवेची आहे.

आकाशाला बंदी म्हटल्यावर पोरानं विचारायचं तेच विचारलं. "मग चंद्रावर ठिपका केवढा पडला असता?" वहीवर करून पाहिलं. चंद्र ३,८४,४०० किलोमीटरवर. नुसता लेझर तिथं ३८४ किलोमीटर पसरेल, जवळजवळ सोलापूर ते मुंबई. दुर्बिणीतून ४८, म्हणजे तुळजापूरच्या जरा पुढं.

न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेत मात्र साडेतीन मीटर व्यासाची अख्खी दुर्बीणच अशी उलटी वापरतात. तिच्यातून ५३२ नॅनोमीटरचाच हिरवा लेझर चंद्रावर सोडतात. अपोलोच्या अंतराळवीरांनी १९६९ ते १९७१ मध्ये ठेवलेले परावर्तक त्या प्रकाशाचे मोजके कण (फोटॉन) परत पाठवतात. अडीच सेकंदांत प्रकाश जाऊन येतो, आणि चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातोय हे अशाच मोजणीतून कळलं. एवढ्या रुंद झोताचा ठिपका हिशोबानं चंद्रावर शंभर मीटरच्या आत बसायला हवा. प्रत्यक्षात तो दोनेक किलोमीटरचा पडतो.

"का?" भाच्यानं विचारलं. मी खाली डांबरी रस्त्याकडे बोट दाखवलं. तिथंही मध्ये हवाच आहे.