भिजवण्याआधी धागा ओळखा

१९४० च्या आसपासचा झुळझुळीत क्रेपचा फ्रॉक हाती आला की पहिल्यांदा वाटतं, भिजत घालावा. थांबा. रेशमासारखा दिसला तरी तो बहुधा रेयॉनचा असतो, आणि रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्यावर येते.

रेयॉनला कृत्रिम रेशीम म्हणत, पण तो पुरता कृत्रिम नव्हे. लाकडाच्या लगद्यातलं सेल्युलोज विरघळवून त्याचा पुन्हा धागा ओढतात. क्रॉस, बेव्हन आणि बीडल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी या पद्धतीचं पेटंट १८९२ मध्ये घेतलं. सेल्युलोज कापसातही असतं. मात्र कापसातले रेणू लांबलचक आणि नीट रचलेले, म्हणून सुती कापड भिजल्यावर उलट बळकट होतं. रेयॉन बनवताना ते तुटून आखूड होतात, रचनाही सैल पडते. पाणी आत शिरतं, धागा फुगतो आणि रेणूंची एकमेकांवरची पकड ढिली होते. असा कपडा पिळला तर फाटलाच म्हणून समजा. क्रेप तर न पिळताही आटतो, कारण त्याच्या सुताला मुळातच करकचून पीळ दिलेला असतो.

मग ओळखायचं कसं? आतल्या बाजूला शिवणीपलीकडे सुटलेल्या कापडाचा एक दोरा काढा. (शिवणीचा दोरा नको, तो बऱ्याचदा सुती असतो आणि फसवतो.) चिमट्यात धरून, खाली ओली बशी ठेवून, ज्योतीजवळ न्या. रेयॉन कागदासारखा भुरुभुरु जळतो आणि मऊ राख उरते. अ‍ॅसिटेट (सेल्युलोजपासूनच बनवलेला, रेशमासारखा दिसणारा आणखी एक धागा) वितळत जळतो, वास व्हिनेगरसारखा. नायलॉन ज्योतीपासून आक्रसतो आणि टणक मणी होतो.

अ‍ॅसिटेट अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो, तेव्हा नेलपॉलिश काढायचं द्रावण या कपड्यांपासून लांबच ठेवा. जुन्या निळ्या अ‍ॅसिटेटवर गुलाबी छटा दिसली तर तो डाग नव्हे. हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडांनी रंग बदललेला असतो, धुऊन तो परत येत नाही.

नायलॉन ड्युपाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ मध्ये तयार झाला, आणि मे १९४० मध्ये त्याचे मोजे अमेरिकाभर विकायला आले. त्याला पाण्याचं भय नाही. उन्हाने पिवळा पडतो, गरम इस्त्रीने वितळतो. पॉलिएस्टरही पाण्याला दाद देत नाही, पण तेलाचे डाग धरून ठेवतो.

कपड्याचं बाहेरचं कापड एक आणि अस्तर दुसरंच, असं फार वेळा आढळतं. दोन्हींचे दोरे तपासा आणि इस्त्री त्यातल्या नाजूक धाग्याला सोसेल एवढीच ठेवा.