नवउद्योग आणि संस्थापकाचे सामाजिक भांडवल (ग्रामीण विदर्भ)

नव्या उद्योगाचे यश संस्थापकाचे शिक्षण, पूर्वीचे काम, घरची स्थिती आणि ओळखीपाळखी यांवर कितपत अवलंबून असते, हा अर्थशास्त्र व समाजशास्त्र या दोहोंच्या अभ्यासाचा विषय आहे. वेळेला उपयोगी पडणाऱ्या संबंधांना ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये असे मांडले की, नवी माहिती बहुधा क्वचित भेटणाऱ्या परिचितांकडून येते. जवळच्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही आधीच ठाऊक असते.

ग्रामीण विदर्भात या मांडणीच्या दोन्ही बाजू, म्हणजे जवळची नाती आणि दूरच्या ओळखी, दिसतात. सोयाबीन, कापूस किंवा तुरीवर प्रक्रिया करणारा छोटा उद्योग उभा राहतो तो प्रथम भाऊबंद व सोयऱ्यांच्या हातउसन्या पैशावर, कारण बँक बहुधा तारण आणि जामीनदार मागते. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारणाची अट नाही. तथापि अर्ज कसा भरावा व कोणाला भेटावे हे सांगणारा माणूस प्रत्येकाच्या घरी नसतो. ज्याच्या नावे सातबारा नाही, अशा भूमिहीन कुटुंबातील तरुणाची सुरुवात म्हणूनच मागून होते, आणि तिचा त्याच्या कर्तबगारीशी संबंध नसतो.

भांडवल गावातून मिळाले तरी गिऱ्हाईक गावाबाहेरच शोधावे लागते. वरुड-मोर्शी भागात संत्र्याची बाग पुष्कळदा झाडावरच व्यापाऱ्याला दिली जाते. दूरच्या बाजारात थेट ओळख असलेला बागायतदार मात्र भाव विचारून मगच सौदा करू शकतो. अनुभवाचेही तसेच आहे. अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात (२०२०) सर्वांत वेगाने वाढलेल्या, हजारांत एक अशा नवकंपन्यांच्या संस्थापकांचे सरासरी वय ४५ आढळले, आणि त्याच क्षेत्रातील पूर्वीचे काम यशाला पोषक ठरले. ही आकडेवारी इकडे जशीच्या तशी लावता येत नाही. परंतु अकोल्याच्या दालमिलमध्ये किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला मालाची पारख आणि आडत्यांची ओळख ही दोन्ही आपसूक मिळतात, जी केवळ पदवीने मिळत नाहीत.

घट्ट संबंधांचे ओझेही असते. गावातल्या दुकानदाराला उधारी नाकारता येत नाही, कामावर नातलगच घ्यावा लागतो, आणि नफा दिसला की लग्नकार्याचा वाटा मागितला जातो. न्यूयॉर्कच्या कपडे उद्योगाचा अभ्यास करताना समाजशास्त्रज्ञ ब्रायन उझी यांनाही असेच दिसले की, जवळिकीने कंपन्या तगतात, पण ठरावीक मर्यादेपलीकडे तीच जवळीक अडचण होते.

लग्नानंतर गाव बदललेल्या स्त्रीच्या माहेरच्या ओळखी व्यवहारात फारशा उरत नाहीत; बचत गट ही उणीव काही अंशी भरून काढतात, कारण गटाच्या जोरावर तिची बँकेत स्वतःच्या नावाने ओळख होते. कंपनी कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने किमान दहा उत्पादकांना, जसे शेतकऱ्यांना, एकत्र येऊन स्वतःची कंपनी स्थापता येऊ लागली. मात्र अशा कंपनीचे सगळे संचालक एकाच भावकीतले असतील, तर तिच्या ओळखींचा परीघ एका कुटुंबापेक्षा फारसा मोठा राहत नाही.