आधार नाही, मग तक्रारही नाही?

'आधी आधार दाखव.' मुंबईत नाक्यावर काम शोधणाऱ्यांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या कानावर पोलिसांत तक्रार द्यायला गेल्यावर हे इतक्यांदा पडतं की तोच कायदा वाटू लागलाय. त्यात माणूस परदेशी आणि विनाकागदपत्रांचा असेल, तर 'त्याला कसला आलाय कायदा!'

चूक. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटविना अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न नाही. ओळखपत्राची अटही त्यात नाही. ठाण्याने नकार दिला तर लेखी तक्रार वरिष्ठांकडे, तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे.

घटनेचं कलम २१ 'नागरिक' म्हणत नाही, 'व्यक्ती' म्हणतं. हावड्यात रेल्वेच्या यात्री निवासात सामूहिक बलात्कार झालेल्या बांगलादेशी महिलेची १० लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २००० साली कायम केली, तीही ती परदेशी आहे हा आक्षेप फेटाळून.

वकिलाचं म्हणाल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुलं आणि मानवी तस्करीचे बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

पण उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही. अमेरिकेत तपासाला मदत करणाऱ्या पीडितांसाठी 'यू व्हिसा' आहे, वर्षाला १०,००० पर्यंत. आपल्याकडे तक्रार दिल्याने वास्तव्य कायदेशीर होत नाही; २०२५ च्या इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायद्याखाली वेगळी कारवाई होऊ शकते. म्हणून जिवाला धोका नसेल, तर ठाण्याआधी विधी सेवेच्या वकिलाला गाठा.